उतार : पाण्यांतून चालणाऱ्या एका शब्दाची कथा

पाण्याची खोली सांगण्यासाठीं मराठी भाषेला शब्दांची वाण कधींच पडली नाहीं. डोह, डबकें, डबरें, थिल्लर, ओहोळ असे कितीतरी शब्द एकामागून एक आठवतात, आणि त्या प्रत्येकाचें पाणी निराळें आहे. परंतु यांतील बहुतेक शब्द कांठावर उभें राहून पाण्याकडे पाहणाऱ्या माणसाचे आहेत. ज्याला पलीकडे जावयाचें आहे, ज्याच्या डोक्यावर गांठोडें आणि कडेवर मूल आहे, ज्याचे बैल कांठाशीं येऊन थबकले आहेत, अशा माणसाचा शब्द एकच : उतार. नदीच्या पात्रांत ज्या जागीं पाणी थोडें, तळ टणक आणि ओढ बेताची असते, आणि म्हणून जेथून पायीं अथवा गाडीनें पार होतां येतें, ती जागा म्हणजे नदीचा उतार. शहरांतील घरांत हा शब्द आज उच्चारला तर ऐकणाऱ्याच्या मनांत जिन्याचा, घाटाचा, तापाचा किंवा बाजारभावाचा विचार येतो; नदीचा येत नाहीं. पाण्यांतला हा अर्थ कसा मागें पडला आणि तो मागें पडल्यानें काय गमावलें, हें पाहण्यासारखें आहे.

उतार आणि उथळ हे शब्द शेजारी ठेवून पाहिले म्हणजे त्यांतील भेद लक्षांत येतो. उथळ या शब्दाच्या पोटांत उद् आणि स्थल, म्हणजे वर आलेली जमीन, आहे. पाणी थोडें आहे असें हा शब्द म्हणतच नाहीं. तळची भूमि वर आली आहे, एवढेंच तो सांगतो. पाण्याचा गुण सांगणारा शब्द जमिनीवरून निघावा ही मोठी मौजेची गोष्ट आहे. तथापि उथळ शब्दाच्या नशिबीं मान नव्हता. उथळ माणूस, उथळ विचार, उथळ लेखन, अशीच त्याची संगत. उथळ पाण्याला खळखळाट फार, ही म्हण तर शाळेतल्या मुलालाहि ठाऊक असते. पण ही म्हण रचणारा नक्कीच कांठावर बसलेला असला पाहिजे. अंधारांत नदीकांठीं आलेल्या वाटसरूला तो खळखळाट निंद्य वाटण्याचें कारण नाहीं. पाणी कोठें गोट्यांवरून वाहतें आणि कोठें डोहांत मुकें होतें, हें त्याला त्या आवाजावरूनच कळावयाचें. जेथें नदी बोलते तेथें उतार असण्याचा संभव अधिक. जेथें ती गप्प, तेथें पाऊल न घातलेलें बरें.

थिल्लर शब्दाची गत तर याहून वाईट झाली. ज्ञानेश्वरींत थिल्लर म्हणजे साधें लहानसें साचलेलें पाणी. आज तो शब्द फक्त वागणुकीला लावतात, आणि तोहि चारचौघांत हिणवण्यासाठीं. सखोल, गंभीर, अगाध हे सारे स्तुतीचे शब्द खोल पाण्याचे, आणि निंदेचे शब्द थोड्या पाण्याचे, असा भाषेचा पक्षपात आहे. त्यांतून उतार तेवढा सुटला, कारण तो उपयोगाचा होता.

हा उपयोग कळावयाचा तर बुलढाणा जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांसमोर आणावा. अजिंठ्याची डोंगररांग या जिल्ह्यांतून गेली आहे, आणि तिच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचे दोन वांटे होतात. उत्तरेकडे पडलेलें पाणी नळगंगा, विश्वगंगा, ज्ञानगंगा अशा नद्यांतून पूर्णेस मिळतें, पूर्णा चांगदेवापाशीं तापीस मिळते, आणि तें पाणी अखेर अरबी समुद्रांत जातें. दक्षिणेकडचें पाणी पैनगंगा आणि खडकपूर्णा नेतात. तें गोदावरीच्या वाटेनें बंगालच्या उपसागरास पोंचतें. एकाच पावसाच्या सरीचे दोन थेंब दोन समुद्रांना जावेत, असा हा प्रदेश. यांत आणखी गंमत अशी कीं पूर्णा नांवाच्या नद्याहि दोन. उत्तरेची सातपुड्यांतून येणारी तापीची पूर्णा, आणि दक्षिणेची गोदावरीची पूर्णा. दुसरीला या भागांत खडकपूर्णा म्हणतात.

खडक या एका शब्दानें दोन नद्यांतील भेद नेमका सांगितला आहे. उत्तरेची पूर्णा शेंकडों फूट जाडीच्या गाळाच्या मैदानांतून वाहते. तिच्या कांठच्या दरडी उंच आणि ठिसूळ, तळाशीं चिकण गाळ. पावसानें भिजलेल्या काळ्या मातींत बैलाचा पाय गेला तर तो काढतां काढतां गाडीवानाचा जीव मेटाकुटीस येतो. अशा नदीवर उतार थोडे, आणि जे असतील त्यांवर कांठच्या अनेक गांवांचा भार. दक्षिणेकडच्या नद्या मात्र काळ्या अग्निजन्य खडकाच्या पठारावरून उतरतात. त्यांच्या पात्रांत जागोजाग खडकाची पायरी आडवी आलेली असते, तिच्यावर पाणी पातळ पसरतें, आणि ती पायरीच प्रवाशाची फरसबंदी होते.

खडक नसला तरी वाळूच्या नदीलाहि उतार असतो. तो कोठें पडतो याचाहि नियम आहे. नदी वांकडीतिकडी वाहते. वळणाच्या बाहेरच्या अंगाला धार कांठ कोरीत जाते आणि तेथें डोह होतो. आंतल्या अंगाला वाळू साठते. एक वळण संपून दुसरें उलट वळण सुरू होण्यापूर्वीं धार एका कांठावरून दुसऱ्या कांठाकडे जाते. या बदलाच्या जागीं तिचा जोर पसरतो, वाळू आणि गोटे तळाशीं बसतात, आणि पात्र रुंद व पातळ होतें. उतार तो हाच. म्हणून नदीचा उतार पुष्कळ वेळां सरळ रेषेंत नसतो, तिरपा असतो. अनोळखी माणूस समोरच्या झाडाकडे पाहून नीट सरळ जावयास निघतो आणि चार पावलांत गळ्याइतक्या पाण्यांत सांपडतो. कांठचा माणूस आधीं वर जातो आणि मग तिरपा उतरतो. खोली मोजण्याची त्याची मापेंहि स्वतःच्या देहावरचीं : घोट्याइतकें, पोटरीभर, गुडघाभर, मांडीभर, कमरेइतकें, छातीइतकें. विहिरीची खोली सांगतांना येणारा परस हा शब्दहि पुरुषाच्या उंचीवरूनच आला आहे. यांतील गुडघ्यापर्यंतचें माप उताराचें, कमरेचें संशयाचें, आणि त्यापुढचें परत फिरण्याचें.

जेथें उतार तेथें वाट, आणि जेथें वाट तेथें दोन्ही कांठांना समोरासमोर वस्ती, हें इतकें सहज आहे कीं तें कोणी मुद्दाम सांगत नाहीं. पण या सहज गोष्टीवर एकदां हिंदुस्थानच्या इतिहासांतील एक मोठी लढाई फिरली, आणि ती बुलढाणा जिल्ह्याच्या अगदीं शिवेजवळ. आजच्या जालना जिल्ह्यांत असई नांवाचें गांव आहे. त्याच्या एका बाजूस केळना आणि दुसऱ्या बाजूस जुई, या दोन लहान नद्या वाहतात. केळनेचें पाणी पुढें पूर्णेंत मिळतें आणि खडकपूर्णा होऊन बुलढाणा जिल्ह्यांतून जातें. ता. २३ सप्टेंबर १८०३ रोजीं दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा या दोन नद्यांच्या बेचक्यांत होत्या, आणि इंग्रजांचा सेनापति आर्थर वेलस्ली दक्षिणेकडून केळनेच्या कांठीं येऊन पोंचला. समोरून हल्ला करणें म्हणजे तोफांच्या तोंडीं जाणें होतें. डावी बगल गांठावी तर नदी ओलांडावयास हवी, आणि बरोबरचे वाटाडे सांगत होते कीं पुढें उतार नाहीं.

वेलस्लीनें दुर्बीण लावून पाहिलें तेव्हां त्याला नदीच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक अशीं दोन गांवें अगदीं समोरासमोर दिसलीं. तीं पिंपळगांव आणि वरूड. इतक्या जवळ, एकाच नदीच्या दोन कांठांना माणसांनीं घरें बांधलीं तीं मध्यें जाण्यायेण्याची वाट असल्याशिवाय बांधलीं नसतील, असा त्यानें तर्क केला, आणि फौज तिकडे वळवली. उतार तेथें होता. फौज तोफांच्या माऱ्यांतून पार झाली. लढाई फार रक्ताची झाली. इंग्रजांकडील मेलेल्या आणि जखमी झालेल्या माणसांची संख्या दीड हजारांवर गेली, पण मैदान त्यांच्या हातीं राहिलें. पुढें वॉटर्लूच्या विजयानें जगप्रसिद्ध झालेला हा माणूस उतारवयांतहि आपली सर्वांत चांगली कामगिरी म्हणून असईचेंच नांव घेत असे. इतिहासकार या प्रसंगीं त्याच्या प्रसंगावधानाची वाखाणणी करतात, आणि ती यथार्थ आहे. पण त्या वाटाड्यांबद्दल मनांत कुतूहल राहतेंच. त्यांना खरोखर ठाऊक नव्हतें, कीं सांगावयाचें नव्हतें? नदीचा उतार ही गांवची गोष्ट; ती परक्याच्या फौजेला सांगितली म्हणजे पुढचा सगळा इतिहास सांगितला, हें त्यांच्यापैकीं एखाद्याला कळलें नसेल असें कशावरून?

त्या मोहिमेंत वेलस्लीनें आणखी एक गोष्ट हेरली होती. मराठी फौजांचें सारें बळ घोड्यावर, आणि घोड्याला नदी उतरावयास उतार लागतो. भर पावसाळ्यांत नद्या भरलेल्या असतां ज्याच्यापाशीं होड्या असतील तो हिंडूं शकेल आणि ज्याच्यापाशीं नसतील तो अडकून पडेल, हें ओळखून त्यानें ऑगस्टमध्येंच युद्धाला तोंड लावलें, आणि गोदावरी चामड्यानें मढविलेल्या टोपलीवजा होड्यांतून ओलांडली. मराठ्यांची रीत याहून निराळी. दसऱ्यास सीमोल्लंघन करावयाचें आणि मोहिमेस निघावयाचें. या रीतीमागें धर्मविधि आहे, शस्त्रपूजा आहे, पण तिच्या बुडाशीं नदीचा हिशेब आहे. जूनच्या मध्याला सुरू झालेला पाऊस सप्टेंबर संपतां संपतां आटोपतो, पूर ओसरतात, गढूळ पाणी निवळतें, कांठचा चिखल वाळतो, आणि नद्यांना एकामागून एक उतार पडतो. सोनें लुटावयास निघालेल्या स्वारांची खरी परवानगी नद्यांनीं दिलेली असे.

ही समजूत मराठ्यांहूनहि पुष्कळ जुनी आहे. कालिदासाच्या रघुवंशांतील चौथ्या सर्गांत रघु दिग्विजयास निघतो तो शरद् ऋतूंत. त्या ऋतूनें नद्या उतरण्याजोग्या केल्या आणि रस्त्यांचा चिखल वाळवला, असें कवि सांगतो. नद्यांसाठीं तेथें योजलेला शब्द गाध. गाध म्हणजे जेथें पाय ठरतो तें थोडें पाणी. आणि जेथें पाय ठरत नाहीं तें अगाध. मराठीनें यांतील अगाध तेवढा उचलला. अगाध ज्ञान, अगाध महिमा, अगाध लीला असें आपण नित्य म्हणतों, पण ज्याच्या नकारानें हा शब्द झाला तो गाध मात्र मराठींत कोणी ओळखीत नाहीं. थोरांची अथांगता लक्षांत राहिली. ज्यावर पाय टेकून माणसें पार गेलीं तें पाणी विसरलें.

आतां उतार शब्दाचें कूळ पाहूं. संस्कृतांत तॄ हा धातु आहे. त्याचा अर्थ पाण्यापलीकडे जाणें. त्याला उद् उपसर्ग लागला म्हणजे पाण्यांतून वर येणें, पलीकडच्या कांठाला लागणें. आणि अव लागला म्हणजे खालीं येणें. संस्कृतांत हीं दोन क्रियापदें अगदीं निराळीं. मराठींत येतां येतां दोहोंचेंहि रूप घासून घासून एकच झालें : उतरणें. म्हणून मराठी माणूस नदी उतरतो तेव्हां तो पलीकडे जातो, आणि घाट उतरतो तेव्हां खालीं येतो. उतार शब्दांत हे दोन अर्थ एकमेकांत इतके मिसळले आहेत कीं ते वेगळे काढणें कठीण. कारण नदी ओलांडावयाची तर आधीं दरड उतरून खालीं यावें लागतें, हा रोजचा अनुभव दोन्ही अर्थांना बांधून ठेवतो. उत्तर हा शब्द मात्र या कुळांतला नाहीं. त्याचा चेहरा सारखा दिसतो म्हणून पुष्कळांची फसगत होते. तो उद् या उपसर्गालाच तुलनेचा प्रत्यय लागून झाला आहे.

तॄ धातूची संतति मराठी घरांत पदोपदीं भेटते. पोहून जातो तो तरतो, दुसऱ्याला नेतो तो तारतो, नेणारें तें तारू. घोंटाळ्यांतून बाहेर पडणें म्हणजे निस्तरणें. परीक्षेंत उत्तीर्ण झालेला विद्यार्थी हा मुळांत नदीच्या पलीकडच्या कांठाला लागलेला माणूस आहे. निकालाच्या दिवशींची त्याची मनःस्थिति पाहतां हा शब्द योग्यच वाटतो. हिंदींत नावाड्याला पार नेल्याबद्दल देतात ती उतराई. गंगेवर रामाकडून ती घेण्यास नाकारणाऱ्या केवटाची कथा तुलसीदासानें अजरामर केली आहे. मराठींत उतराई होणें म्हणजे उपकाराची फेड करणें. पैशाचा संबंध गेला, पार नेल्याची कृतज्ञता राहिली.

या कुळांतला सर्वांत थोर शब्द तीर्थ. तीर्थ याचा मूळ अर्थ उतारच. नदी जेथें उतरतां येते तेथें लोक जमतात, थांबतात, स्नान करतात, वाट पाहतात; तेथें पिंपळ वाढतो, देऊळ होतें, यात्रा भरते. उताराचें तीर्थ झालें तें असें पायांनीं झालें. पुढें जो संसाराच्या पार नेतो तो गुरु तीर्थ झाला. एका गुरूपाशीं शिकलेल्यांस पाणिनीनें सतीर्थ्य म्हटलें आहे. जैनांनीं आपल्या चोवीस महापुरुषांना तीर्थंकर, म्हणजे उतार घडविणारे, म्हटलें. आणि पत्राच्या माथ्यावर वडिलांना तीर्थरूप लिहिण्याची मराठी घरांतील चाल अगदीं अलीकडेपर्यंत चालत आली. हॉस्टेलमधून पैसे मागणाऱ्या पत्राच्या आरंभीं तो शब्द लिहितांना आपण वडिलांना नदीच्या उताराची उपमा देत आहों, हें कितीजणांच्या ध्यानांत आलें असेल? परदेशांतहि उताराचें माहात्म्य असेंच आहे. ऑक्सफर्ड म्हणजे बैलांचा उतार, फ्रँकफर्ट म्हणजे फ्रँक लोकांचा उतार. विद्यापीठें आणि पेढ्या मागाहून आल्या. आधीं तेथें गुडघाभर पाणी होतें.

जिल्ह्यांत एक थोडें पाणी असें आहे कीं त्याला उतार हा शब्द लागत नाहीं, आणि त्याचा उल्लेख टाळणें बरें नव्हे. लोणारचें सरोवर सुमारें १.८ किलोमीटर व्यासाच्या अशनिविवरांत आहे. विवर खोल, पण त्यांतलें पाणी मानानें उथळ, खारें आणि क्षारयुक्त. २००६ सालीं तें इतकें आटलें कीं तळचे क्षार उघडे पडले. जून २०२० मध्यें तें गुलाबी झालें, आणि त्याचें कारण खाऱ्या पाण्यांत वाढणारे सूक्ष्मजीव हें पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनें दाखवून दिलें. त्याच वर्षीं त्याला रामसर करारांतील पाणथळाचा दर्जा मिळाला. तेथें बाहेर वाट नाहीं; जें येतें तें उन्हानें उडून जातें आणि क्षार मागें ठेवतें. पलीकडे जावयाचें नसल्यामुळें उतार नाहीं. कांठावर उभें राहून पाहण्याचेंच तें पाणी.

नदीच्या उताराला पहिला शह दिला तो आगगाडीनें. १८६० नंतरच्या दशकांत भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगांव या वाटेनें पडला. १८७० सालीं जलंबपासून खामगांवपर्यंत फांटा निघाला, तो तेथील कापसाच्या बाजारासाठीं. नद्यांवर लोखंडी पूल आले. आणि भाषेनें काय केलें? नदी उतरणाऱ्याचा शब्द तिनें गाडींत बसणाऱ्याला दिला. आगगाडीच्या प्रवाशाला मराठींत उतारू म्हणूं लागले; जो बसला आहे त्यालाहि उतारूच! खामगांवच्या बाजारांत उतार म्हणजे भावांतील घसरण, आणि उतारा म्हणजे कापूस वठविल्यावर निघणारी रुई. कचेरींत उतारा म्हणजे नक्कल, कारण मूळ कागदावरचा मजकूर दुसऱ्या कागदावर उतरतो. वैद्याकडे विषावर उतारा, घरांत आजाऱ्यावरून ओंवाळून तिठ्यावर ठेवावयाचा उतारा, शाळेंत व्याकरण चालविण्यासाठीं उतारा. पाणउतारा या शब्दांत पाणी आहे खरें, पण तें नदीचें नव्हे. मोत्याला, तरवारीला आणि माणसाला जें पाणी असतें तें तेथें उतरवलें जातें. जुन्या मराठींत नदी पायउतार आहे म्हणजे ती पायीं ओलांडतां येते. आज वृत्तपत्रांतून पायउतार होतात ते फक्त मंत्री.

अर्थ बदलले याचें दुःख मानण्याचें कारण नाहीं. भाषा अशीच चालते. प्रश्न निराळा आहे. उतार हा नुसता शब्द नव्हता, तें एक ज्ञान होतें, आणि त्या ज्ञानाची गरज संपलेली नाहीं. नांदुऱ्याहून जळगांव जामोदकडे जाणारा रस्ता आज पूर्णेवरच्या पुलावरून जातो, ही मोठीच सोय झाली. पण मोठ्या पुलांखेरीज असंख्य लहान ओढ्यांवर फरशी पूल आहेत, ज्यांना या भागांत रपटा असेंहि म्हणतात. हा रपटा म्हणजे सिमेंटनें बांधलेला उतारच. पाऊस नसला कीं वरून रस्ता कोरडा. पाऊस झाला कीं पाणी फरशीवरून जातें. उताराशीं आलेला गाडीवान थांबत असे, कारण त्याचे बैल थांबत. त्यांच्या पायांना पाण्याची ओढ कळे. मोटारीला पाय नाहींत. चालवणाऱ्याला काचेंतून दिसतो तो पाण्याचा फक्त वरचा पापुद्रा. खालची फरशी शाबूत आहे कीं मध्येंच वाहून गेली आहे, हें त्याला दिसत नाहीं. वाहत्या पाण्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा जोर चौपट होतो. दोन फूट पाण्यांत बहुतेक मोटारी उचलल्या जातात, आणि गुडघाभर वेगवान पाणी धट्ट्याकट्ट्या माणसाला आडवें पाडतें. डोंगरांत दूर कोठें पाऊस कोसळला तर येथें ऊन असतांनाहि लोंढा येतो. दर पावसाळ्यांत महाराष्ट्रांत कोठेंना कोठें अशा फरशीवरून माणसें वाहून जातात, आणि पुष्कळदां तीं रोज त्याच वाटेनें जाणारीं असतात.

दुसरा घाला वाळूचा. उतार ज्यानें होतो ती वाळूच. खडकपूर्णेची आणि पूर्णेची वाळू घरें बांधण्यासाठीं काढली जाते, आणि जेथें ट्रक सहज पोंचतो अशी जागा म्हणजे बहुधा जुन्या उताराचीच. रात्रींतून तेथें खड्डे पडतात. वरून पाणी तेंच, तसेंच संथ चमकणारें. आणि कालपर्यंत जेथें पोटरीभर होतें तेथें आज दोन पुरुष खोल. आजोबांनीं नातवाला दाखवलेली जागा नातवाच्या मुलाला बुडवूं शकते. उताराची खूण पिढ्यान्‌पिढ्या तोंडींच चालत आली ती नदी आपला नियम पाळते या भरंवशावर. नदीनें नियम मोडला नाहीं, माणसानें तो उपसून नेला.

तिसरी गोष्ट धरणांची. येळगांव, पेनटाकळी, नळगंगा, खडकपूर्णा या धरणांनीं शहरांना पाणी आणि शेतांना ओलावा दिला आहे; दुष्काळाची झळ पुनःपुन्हां सोसलेल्या जिल्ह्यांत त्यांना नांवें ठेवणें अरसिकपणाचें नव्हे, तर अन्यायाचें होईल. परंतु धरणाच्या पाणफुगवट्याखालीं शेतें जातात तसे उतारहि जातात. ज्या दोन गांवांत सकाळ-संध्याकाळ येणेंजाणें होतें, लेकी दिल्याघेतलेल्या होत्या, त्यांच्यामध्यें पाण्याचा विस्तार पसरतो आणि समोर दिसणाऱ्या गांवाला जावयास कोसांचा वळसा पडतो. नांदुरा तालुक्यांत जिगांव येथें पूर्णेवर हातीं घेतलेल्या धरणामुळें कांठच्या अनेक गांवांपुढें पुनर्वसनाचा प्रश्न उभा राहिला. नव्या जागीं घर मिळतें, रस्ता मिळतो, विजेचा खांब मिळतो. मोबदल्यासाठीं तलाठ्याकडचा सातबाराचा उतारा लागतो. त्यांत गट क्रमांक असतो, क्षेत्र असतें, विहीर आणि झाडेंहि लिहिलेलीं असतात. नदीचा उतार त्या उताऱ्यावर कोठेंच नोंदलेला नसतो, कारण तो कोणाच्या मालकीचा नव्हता.

पैनगंगा बुलढाण्याजवळच्या डोंगरांत उगम पावते आणि मेहकरावरून पुढें जाते. दसरा उलटला, रब्बीची पेरणी आटोपत आली, कीं तिच्या वरच्या अंगाच्या गांवांतून शेताकडे जाणारीं माणसें अजूनहि पात्रांतून पायींच जातात. चपला हातांत घेतलेल्या असतात, धोतराचा किंवा लुगड्याचा ओचा वर खोंचलेला असतो, आणि पुढें गेलेला मागच्याला ओरडून सांगतो, कीं डाव्या अंगाला धरा, तिकडे खडक आहे.